वारा अडवायचा, पण किती?

थंडीची चाहूल लागली की दुचाकीचे सुटे सामान विकणाऱ्या दुकानांत एका वस्तूची विचारणा हमखास होते: हँडलच्या पुढे उभी बसवायची पारदर्शक काच. पेट्रोलच्या गाड्यांवर ती पूर्वीपासून दिसते. आता विजेवरच्या मोटरसायकली आणि स्कूटर वाढल्या, तशी तिच्या गुणांत एका नव्या गुणाची भर पडली आहे. 'वारा लागणार नाही, शिवाय एका चार्जिंगमध्ये गाडी जास्त पळेल,' असे दुकानदार सांगतो. ऑफिसातला सहकारी नेमके उलटे सांगतो: 'काच लावलीस तर वारा अडेल आणि बॅटरी लवकर उतरेल.' दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे. पण रोज तीस-चाळीस किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला जे कळायला हवे, ते दोघांच्याही बोलण्यात येत नाही. या काचेचा खरा संबंध बॅटरीपेक्षा चालवणाऱ्याच्या डोळ्यांशी, कानांशी आणि मानेशी आहे. तिने या तिघांचे भले होते की हाल, हे तिची उंची, आकार आणि बसवण्याची पद्धत ठरवते.

दुकानांत या काचेला कोणी व्हायझर म्हणते, कोणी विंडशील्ड. हेल्मेटच्या काचेशी घोटाळा होऊ नये म्हणून येथे गाडीवरच्या काचेला विंडशील्ड म्हणू.

आधी बॅटरीचा हिशेब संपवू. गाडी पुढे जाताना हवा तिला मागे रेटते. हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. गाडी आणि चालवणारा मिळून २०० किलो वजन धरले आणि ताठ बसलेल्या माणसाला हवेचा जितका अडथळा होतो त्याचा ढोबळ आकडा घेतला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला हवेचा रेटा सुमारे १०० न्यूटन येतो. टायर रस्त्यावर घासण्यात जाणारा जोर त्या मानाने ३० न्यूटनांच्या आसपास असतो आणि वेग बदलला तरी फारसा बदलत नाही. या दोन्हींसाठी मिळून दर किलोमीटरला सुमारे ३६ वॅट-तास वीज लागते. मोटर आणि कंट्रोलरमधली तूट यात धरलेली नाही. ताशी ३० किलोमीटरला हवेचा रेटा २५ न्यूटनांवर येतो आणि दर किलोमीटरचा खर्च १५ वॅट-तासांवर. म्हणजे शहरातल्या संथ रहदारीत वारा हा बॅटरीचा मोठा शत्रू नाही. तो बाह्यवळण रस्त्यावर आणि महामार्गावर खरा भेटतो.

आता विंडशील्डने हवेचा अडथळा दहा टक्क्यांनी कमी केला असे समजू. ताशी ६० ला एकूण खर्च सुमारे आठ टक्क्यांनी घटेल. रिव्होल्ट आरव्ही ४०० या मोटरसायकलची बॅटरी ३.२४ किलोवॅट-तासांची आहे. तेवढ्या बॅटरीवर वरच्या हिशेबाने सलग ९० किलोमीटर जाता येत असेल, तर विंडशील्डमुळे आणखी सातेक किलोमीटर मिळतील. उलट विंडशील्ड उंच, सपाट आणि उभे असेल आणि त्याने अडथळा दहा टक्क्यांनी वाढवला, तर जवळपास तेवढेच अंतर हातचे जाईल. बाजारात दोन्ही प्रकारची मिळतात आणि पाकिटावर यातले काहीच लिहिलेले नसते. दुकानदार आणि सहकारी दोघेही अर्धे बरोबर ठरतात ते यामुळे.

आकाराला इतके महत्त्व का, हे समजायला अमेरिकेतील क्रेग व्हेटर या डिझायनरचे काम उपयोगी पडते. १९७०च्या दशकात त्यांचे 'विंडजॅमर' हे मोटरसायकलच्या पुढे बसवायचे आवरण लांब पल्ल्याच्या प्रवाशांत फार लोकप्रिय झाले. पुढे १९८०च्या दशकात त्यांनी कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या स्पर्धा भरवल्या. या कामातून ठळकपणे दिसले ते असे, की हवेचा बराचसा ओढा गाडीच्या पुढे नव्हे, तर मागे तयार होतो. माणसाच्या पाठीमागे हवा घुसळली जाते, तेथे दाब कमी होतो आणि तो गाडीला मागे खेचत राहतो. म्हणून इंधन वाचवणाऱ्या गाड्यांना माशासारखे निमुळते शेपूट असते आणि चालवणारा आवरणाच्या आत बसलेला असतो. नुसती पुढची काच ही त्या रचनेचा एक तुकडा आहे. तिच्याकडून पूर्ण रचनेची अपेक्षा धरणे चूक.

ज्याला खरोखर बॅटरी वाचवायची आहे, त्याच्यासाठी फुकटचा उपाय आहे. वरच्याच हिशेबात वेग ६० वरून ५० वर आणला, तर दर किलोमीटरचा खर्च ३६ वॅट-तासांवरून साडेसत्तावीसवर येतो. ही बचत तेवीस टक्क्यांच्या आसपास जाते. चांगल्यात चांगल्या विंडशील्डच्या जवळपास तिप्पट. वीस किलोमीटरच्या वाटेवर त्यासाठी चार मिनिटे जास्त मोजावी लागतात. शहरात सिग्नलला थांबून पुन्हा वेग घेण्याचा खर्च वेगळा. २०० किलोचे वजन ताशी ४० पर्यंत नेण्यात दर वेळी सुमारे साडेतीन वॅट-तास जातात आणि ब्रेक लावताना त्यातला काही भागच बॅटरीत परत येतो. लांबूनच लाल दिवा पाहून हात सैल सोडणारा चालक कोणत्याही काचेपेक्षा जास्त वीज वाचवतो. तेव्हा विंडशील्ड घ्यायचे असेल तर बॅटरीसाठी घेऊ नये. घ्यायचे ते शरीरासाठी, आणि तेथे त्याची बाजू बरीच भक्कम आहे.

पहिला प्रश्न डोळ्यांचा. डोळ्यांवर अश्रूंचा एक पातळ थर सतत पसरलेला असतो. जोराच्या वाऱ्यात तो भराभर सुकतो, मग डोळे चुरचुरतात, लाल होतात आणि त्यांतून पाणी वाहू लागते. वर्षानुवर्षे ऊन, वारा आणि धूळ झेलणाऱ्यांच्या डोळ्यांत बुबुळाच्या कडेला मांसाची वाढ होण्याचे प्रमाण जास्त आढळते, हे नेत्रतज्ज्ञांना परिचित आहे. तात्कालिक धोका याहून मोठा आहे. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. डोळ्यात कण किंवा चिलट गेले आणि दोनच सेकंद डोळे मिटले, तर २२ मीटर आंधळेपणाने कापले जातात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. त्या दोन सेकंदांची किंमत या आकड्यांच्या संदर्भात पाहायला हवी.

दुसरा प्रश्न कानांचा, आणि विजेवरच्या गाडीत तो थोडा वेगळा आहे. पेट्रोलच्या इंजिनाची घरघर गेली की गाडी शांत झाली असे वाटते. ताशी ५०-६० च्या पुढे मात्र हेल्मेटमध्ये जो आवाज घुमतो तो वाऱ्याचा असतो आणि त्याला विजेची मोटर काही करू शकत नाही. ब्रिटनमध्ये मोटरसायकलस्वारांवर झालेल्या मोजमापांत ताशी ६० किलोमीटरच्या सुमारास हेल्मेटच्या आत ९० डेसिबलच्या आसपास आवाज आढळला होता. कामाच्या ठिकाणी रोज आठ तास ८५ डेसिबल ही अमेरिकेतील 'नायॉश' या संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे. दर तीन डेसिबलला चालणारा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास. कार्यालयात जाऊन-येऊन तासभर गाडी चालवणारा या मर्यादेत राहतो. दिवसभर पार्सले पोहोचवणारा तरुण मोकळ्या रस्त्यावर तासन् तास त्या वेगाने जात असेल, तर तो सहज बाहेर जातो. त्यात वाऱ्यावर मात करण्यासाठी कानातल्या इअरफोनचा आवाज वाढवला जातो, आणि कानावरचा भार आणखी वाढतो.

तिसरी गोष्ट थंडीची. पहाटेच्या पाळीला निघालेले कामगार स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्र धरून गाडी चालवतात, हे दृश्य महाराष्ट्रात नवे नाही. वाऱ्याने अंगाची ऊब किती उडते याचे एक सूत्र कॅनडाच्या हवामान खात्यात वापरले जाते. त्यानुसार तापमान १० अंश असताना ताशी ५० किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या त्वचेला ते साडेपाच अंशांसारखे भासते. ते सूत्र चालणाऱ्या माणसासाठी आणि मोकळ्या मैदानातल्या वाऱ्यासाठी केलेले आहे. गाडीवर थेट चेहऱ्यावर येणारा वारा याहून बोचरा. नाशिक-निफाडच्या हिवाळ्यात १० अंश ही काही विरळा गोष्ट नाही. बोटे गारठली की ब्रेक दाबायला उशीर होतो. दमा असलेल्यांच्या श्वासनलिका थंड, कोरड्या हवेने आकसतात. हृदयविकार असलेल्यांना छातीत कळ येऊ शकते. मात्र वाऱ्याने सर्दी होते ही समजूत बरोबर नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. 'छातीत वारा भरला' असे आपण म्हणतो, त्यात बहुधा गारठलेले आणि आखडलेले स्नायू असतात. विंडशील्ड या सगळ्यात खरी मदत करते, कारण ते छातीवरचा आणि हातांवरचा वारा मोडते. तासभर वाऱ्याशी झुंजणारी मान आणि खांदेही त्यामुळे कमी थकतात.

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, मग प्रदूषणापासूनही बचाव होत असेल. तसा तो होत नाही आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हवा काचेला धडकत नाही, ती तिच्या कडेने वळते. जड वस्तूंना इतक्या पटकन वळता येत नाही. म्हणून खडी, वाळूचा कण, किडा, पावसाचा थेंब काचेवर आपटतो. ज्या अतिसूक्ष्म कणांना पीएम २.५ म्हणतात, ते केसाच्या जाडीच्या पंचवीस-तिसाव्या भागाएवढे असतात. त्यांना वजनच इतके कमी, की ते हवेबरोबर अलगद वळतात आणि काचेमागे घुसळणाऱ्या हवेतून नाकापर्यंत पोहोचतात. डिझेलच्या धुरापासून फुप्फुसे वाचवायची तर चेहऱ्याला नीट घट्ट बसणारा एन-९५ मास्कच हवा. पुण्यातल्या स्कार्फनेही ऊन आणि मोठी धूळ अडते, सूक्ष्म कण नाहीत. विंडशील्ड लावले म्हणून मास्क काढणे हा तोट्याचा सौदा आहे.

आता दुसरी बाजू. विंडशील्डच्या वरच्या काठावरून हवा निसटते ती सरळ जात नाही. ती भोवऱ्यांत फुटते. हे भोवरे नेमके हेल्मेटवर येऊन आदळले, तर डोके सारखे हलत राहते, आवाज कमी होण्याऐवजी वाढतो आणि अर्ध्या तासात मान दुखू लागते. 'काच लावल्यापासून डोके जड होते' अशी तक्रार करणाऱ्यांचा त्रास बहुतेक वेळा हाच असतो. काठ साधारण नाकाच्या टोकाच्या किंवा हनुवटीच्या पातळीवर असावा आणि रस्ता काचेतून नव्हे, काचेवरून दिसावा, हा त्यावरचा जुना आणि चांगला नियम. पावसात तर तो पाळलाच पाहिजे. विंडशील्डला वायपर नसतो. थेंबांनी भरलेल्या काचेतून रात्री समोरच्या गाडीचे दिवे शंभर ठिकाणी फुटतात आणि खड्डा दिसेनासा होतो. रंगीत काच दिवसा छान दिसते, रात्री घात करते.

आडव्या वाऱ्याचा धोका याहून गंभीर. हँडलला जोडलेले मोठे विंडशील्ड शिडासारखे वागते. खाडीपुलावर, घाटाच्या तोंडाशी किंवा बाजूने बस वेगात गेली की वाऱ्याचा फटका थेट हँडल वळवतो. हलक्या स्कूटरवर हे चटकन जाणवते. गाडीच्या सांगाड्याला जोडलेली लहान काच त्या मानाने बरी, कारण तिच्यावरचा जोर हँडलपर्यंत पोहोचत नाही. वस्तू कशाची आहे तेही विचारावे. ॲक्रिलिकवर ओरखडे कमी पडतात, पण धक्क्याने त्याचे धारदार तुकडे होतात; पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही, मात्र लवकर ओरखडते. पेट्रोल किंवा थिनरने पुसल्यास त्यात बारीक तडे जातात. साधे पाणी, थोडा साबण आणि मऊ फडके पुरे. विजेवरच्या गाडीत बसवताना दिव्यामागच्या वायरिंगजवळ भोक पाडू देऊ नये. तेथे पाणी शिरले तर बिघाड काचेच्या किमतीच्या कितीतरी पट महागात पडतो.

उन्हाळ्यात हिशेब पुन्हा बदलतो. घाम सुकण्यासाठी अंगावरून हवा वाहावी लागते. तीस-पस्तीस अंशांपर्यंत वारा हा दुचाकीस्वाराचा पंखाच असतो. तो काचेने बंद केला तर दुपारच्या वाहतुकीत जीव कासावीस होतो. नागपूर-चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत मात्र तोच वारा भट्टीसारखा भाजतो, म्हणून तेथले लोक डोके-चेहरा सुती दुपट्ट्याने झाकतात, ते शहाणपणाचे आहे. सहज काढता-घालता येईल असेच विंडशील्ड आपल्या हवेला योग्य.

या सगळ्याचा मथितार्थ एवढाच, की वाऱ्याविरुद्धची पहिली ढाल हेल्मेट आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. पण चांगले हेल्मेटही काच वर करून घातले तर डोळ्यांना उपयोग शून्य. काच वर का, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच असते: ओरखडे पडलेत, रात्री दिसत नाही. ती काच बदलणे हा या विषयातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक खर्च आहे. त्यानंतर रोजची वाट लांब असेल, वेग पन्नासच्या पुढे जात असेल, थंडीत किंवा पहाटे-रात्री प्रवास असेल, तर बुटके, सांगाड्याला बसणारे विंडशील्ड घ्यावे. गल्लीबोळांतून पाच किलोमीटर जाणाऱ्याला त्याची गरज नाही.

ही निवड ग्राहकाने अंदाजाने करावी, हे मात्र योग्य नाही. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांकडे अंतर आणि वेग मोजण्याची सगळी साधने आहेत. वाहनांच्या चाचण्या घेणारी 'एआरएआय' ही संस्था तर पुण्यातच आहे. प्रत्येक विजेवरच्या दुचाकीसोबत तिच्याच मापाचे, चाचणी झालेले विंडशील्ड उपलब्ध असावे आणि त्याने एका चार्जिंगमधले अंतर किती वाढते वा घटते, आडव्या वाऱ्यात गाडी कशी वागते, हे पाकिटावर छापलेले असावे. पंख्याला आणि फ्रिजला तारे मिळतात, तर याला का नकोत? दुसरी बाब कायद्याची. नोंदणी पुस्तिकेतील तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करू नये, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करणारा निकाल दिला. हे सुरक्षेसाठी रास्तच आहे. पण काढता-घालता येणारी काच, हातमोज्यांची आवरणे, सामानाची पेटी अशा साध्या वस्तूंपैकी काय चालते, काय नाही, याची सोप्या मराठीतली यादी प्रत्येक आरटीओत आणि प्रत्येक विक्रेत्याकडे टांगलेली दिसायला हवी. चौकात हुज्जत घालून नियम कळावा, ही पद्धत ना पोलिसांच्या सोयीची ना नागरिकांच्या.

शेवटी प्रश्न उरतो तो दिवसाचे आठ-दहा तास दुचाकीवर काढणाऱ्यांचा. घरपोच जेवण आणि किराणा पोहोचवणाऱ्या कंपन्या विजेवरच्या दुचाकींचे आकडे अभिमानाने सांगतात. धूर कमी होतो, हे खरेच आहे आणि ते स्वागतार्हही आहे. पण गाडी स्वच्छ झाली म्हणून चालवणाऱ्याच्या डोळ्यांतली धूळ, कानांतला वारा आणि बोटांतला गारठा कमी होत नाही. कामगाराला लोखंडी टोपी आणि हातमोजे देणे कारखान्यात मालकाचे कर्तव्य मानले जाते. रस्ता हाच ज्याचा कारखाना आहे, त्याला स्वच्छ काचेचे हेल्मेट, मास्क, हातमोजे आणि गाडीला योग्य मापाचे विंडशील्ड देणे हेही कर्तव्यच मानले पाहिजे. ही थंडी संपण्याआधी एखाद्या कंपनीने तेवढे करून दाखवावे. बाकीच्यांना मग मागे राहणे अवघड जाईल.